मुसाफिर आणि मरीज

कुराणात रोज्यांचा हुकूम येतो तिथं दोघांना सूट दिली आहे: आजारी माणसाला आणि मुसाफिराला. दोघांचा उल्लेख एकाच वाक्यात, लागोपाठ येतो. लहानपणी उस्तादांकडून हे ऐकलं तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आजाऱ्याला उपास सोसत नाही, प्रवासात सहेरी-इफ्तारीचे हाल होतात, म्हणून सूट. इतका साधा हिशेब. नमाजीतही तसंच. मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोन, आजाऱ्याला बसून, पडून, अगदी इशाऱ्यानंही पढायची मुभा.

पण या दोघांना एकाच ओळीत का बसवलं असेल, हा प्रश्न मला पडला तो फ्लॉरेन्सच्या एका सरकारी दवाखान्यात. आजारी माणसाला स्वतःचं अंग साथ देत नाही. मुसाफिराला त्याचं गाव साथ देत नाही. गावात असताना आपल्याला ओळख असते, भाषा असते, शेजारी असतात, उसने पैसे देणारा एखादा दुकानदार असतो. प्रवासात यातलं काहीच जवळ नसतं. आणि ही दोन्ही संकटं एकाच माणसावर एकदम आली, तर त्याचं काय होतं? कुठल्याही समाजाची परीक्षा घ्यायची असेल तर हा प्रश्न पुरेसा आहे, असं मला आता वाटतं.

आम्ही कसबा बावड्याची माणसं. माझा भाचा फ्लॉरेन्सला लागून असलेल्या स्कांदिच्ची या गावी चामड्याच्या बॅगा बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. कोल्हापूरचा पोरगा चामड्याच्या धंद्यात गेला यात नवल नाही, तो तिकडं जाऊन पोचला एवढंच काय ते नवल. ‘मामू, एकदा या’ असा त्याचा तीन वर्षांचा आग्रह. शेवटी गेल्या वर्षी रमजान ईद झाल्यावर मी आणि बायको निघालो. व्हिसासाठी तीस हजार युरोचा आरोग्य विमा काढावाच लागतो. तेव्हा तो पैसा फुकट गेला असं आम्ही दोघंही बोलत होतो.

चौथ्या दिवशी फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चपासून थोड्या अंतरावर, दगडी फरशीच्या गल्लीत, बायकोचा पाय मुरगळला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट बघता बघता सुजलं. कुणीतरी फोन केला, आणि थोड्याच वेळात रुग्णवाहिका आली. त्यातून तिघं उतरले. एक सत्तरीच्या बाई, एक कॉलेजात शिकणारा मुलगा आणि गाडी चालवणारा एक गृहस्थ. बाईंनी आधी बायकोच्या डोक्यावरची घसरलेली ओढणी नीट केली आणि मग हाताला फळी बांधली. भाच्यानं नंतर सांगितलं की हे तिघंही पगारी नव्हते. ते ‘मिझेरिकोर्दिया’चे स्वयंसेवक होते.

ही मिझेरिकोर्दिया म्हणजे दया, करुणा या अर्थाच्या नावाची एक ख्रिस्ती बिरादरी आहे. परंपरेनं तिची स्थापना १२४४ सालची मानतात. म्हणजे आठशे वर्षं होत आली. तिचं मुख्य ठाणं आजही मोठ्या चर्चच्या समोरच आहे. पूर्वी हे लोक आजाऱ्यांना डोलीतून दवाखान्यात न्यायचे, साथीत मेलेल्यांना पुरायचे. काम करताना अंगात काळा झगा आणि चेहरा झाकणारी टोपी घालायचे, म्हणजे मदत कोण करतंय हे मदत घेणाऱ्याला कळू नये. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही हदीस आपण ऐकत आलो आहोत. तीच गोष्ट या लोकांनी कपड्यात शिवून घेतली होती! त्यांच्यात आभार मानायची एक जुनी रीत आहे. ‘धन्यवाद’ न म्हणता ‘देव तुम्हाला याचं फळ देवो’ असं म्हणायचं. भाच्यानं हे सांगितल्यावर बायको दुखऱ्या हातानिशी हसली. म्हणाली, ‘म्हणजे जजाकल्लाहच की.’ उतरताना त्या बाईंना ती तसंच म्हणाली. त्यांना शब्द कळला नाही, पण त्यांनी छातीला हात लावला.

आम्हाला नेलं ते सांता मारिया नुओव्हा या दवाखान्यात. तिथल्या तातडीच्या विभागात एका नर्सनं हात तपासला, नाव आणि जन्मतारीख विचारली, पासपोर्ट बघितला आणि बसायला सांगितलं. पैशाचं नाव नाही. मी विम्याचे कागद पुढं करत होतो, ती ‘नंतर, नंतर’ अशी खूण करत होती. तिथं गरजेप्रमाणे नंबर लावतात. आल्याच्या क्रमानं नव्हे, तर ज्याचा जीव जास्त धोक्यात तो आधी. मनगट मोडल्यानं जीव जात नाही, त्यामुळं आम्ही साडेचार तास बसलो. हेही सांगायला हवं, कारण परदेशात सगळं कसं चकाचक आणि झटपट असतं, असं इथं परतल्यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. शेजारी बसलेला एक म्हातारा इटालियन या ताटकळण्यावरून सरकारला सतत शिव्या घालत होता. भाषा कळत नसली तरी सूर ओळखीचा होता. आपल्याकडच्या सीपीआरच्या व्हरांड्यात तोच सूर ऐकू येतो.

आमच्यानंतर तासाभरानं एक काळा तरुण आला. हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल रक्तानं भिजलेला. बायकोची ओढणी बघून त्यानं सलाम केला. तो सेनेगलचा होता. रस्त्यावर पट्टे आणि चष्मे विकायचा. भाच्याशी तो मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलला. त्याच्याकडं राहण्याचा परवाना नव्हता, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो त्या देशात नव्हताच. पण त्याच्या खिशात दवाखान्याचा एक कागद होता, त्यावर एक सांकेतिक क्रमांक. ‘तात्पुरता उपस्थित परदेशी’ असा त्या क्रमांकाचा अर्थ. तो दाखवला की तातडीचे आणि आवश्यक उपचार मिळतात. दहा मिनिटांत त्याला आत बोलावलं. आम्ही पासपोर्टवाले, विमावाले, व्हिसावाले बाहेरच बसलो. त्याचा हात कापला होता, म्हणून तो आधी.

याच्यामागं १९९८ चा कायदा आहे. परवाना नसलेल्या परदेशी माणसालाही उपचार द्यायचे, आणि त्यानं उपचार घेतले ही खबर पोलिसांना द्यायची नाही, असं तो सांगतो. यातली दुसरी अट जास्त मोलाची. उपचार मोफत असले आणि दारात पोलीस उभा असला तर कोण येईल? २००९ साली ही अट काढून टाकायचा प्रयत्न तिथल्या सरकारी बाजूनं झाला. तेव्हा तिथले डॉक्टर आणि नर्सेस रस्त्यावर आले. आम्ही डॉक्टर आहोत, हेर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बदल मागं घ्यावा लागला. स्थलांतरितांना हाकला म्हणणाऱ्यांना भरघोस मतं देणारा हाच देश आहे. इस्लामचा शासनाशी अधिकृत करार नाही, मशिदीला परवानगी मिळवताना तिथल्या मुसलमानांची दमछाक होते, जुम्म्याची नमाज पुष्कळ ठिकाणी भाड्याच्या गाळ्यात होते. तो सगळा राग, तो संशय दवाखान्याच्या दारापर्यंत येतो, आणि त्या कायद्यामुळं तिथंच थांबतो.

असरची वेळ झाली तेव्हा बायकोनं जुन्या दगडी भिंतीवर डावा हात मारून तयम्मुम केलं आणि खुर्चीवर बसूनच इशाऱ्यानं नमाज पढली. मुसाफिर म्हणून दोन रकात, मरीज म्हणून बसून. दोन्ही सवलती एकाच वेळी. शिव्या घालणारा म्हातारा तेवढा वेळ गप्प बसला. ती बसली होती त्याच्या समोरच्या भिंतीवर क्रूस होता. मी तिला नंतर विचारलं, वेगळं वाटलं का? ती म्हणाली, ‘तोंड किब्ल्याकडं होतं. भिंतीवर काय आहे ते भिंत बघून घेईल.’

ताटकळत बसलो होतो तेव्हा भाच्यानं मोबाइलवर त्या दवाखान्याचा इतिहास वाचून दाखवला. सांता मारिया नुओव्हा १२८८ सालचा आहे. तेव्हापासून आजतागायत चालू. फोल्को पोर्तिनारी नावाच्या धनाढ्य माणसानं तो बांधला. त्याच्या घरात काम करणाऱ्या मोन्ना तेस्सा या बाईनं आग्रह धरला म्हणून बांधला, असं मानतात. तिनंच पुढं आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांचा गट उभा केला. या फोल्कोची मुलगी बियात्रिचे, आणि तिच्यावर कविता करणारा दान्ते. दान्तेच्या महाकाव्यात आपल्याला दुखावणारं पुष्कळ आहे. पण त्याच काव्यात इब्न सीना, इब्न रुश्द आणि सुलतान सलाहुद्दीन यांना त्यानं नरकाच्या उंबऱ्यावरच्या, यातना नसलेल्या जागी, ग्रीक ज्ञानी लोकांच्या पंगतीत बसवलं आहे. इब्न सीनाच्या ‘कानून’चा लॅटिन अनुवाद युरोपातल्या विद्यापीठांत शेकडो वर्षं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक होता. आणि त्याचा मूळ अरबी ग्रंथ १५९३ साली छापला गेला तो रोममध्ये, फ्लॉरेन्सच्याच मेदिची घराण्यानं काढलेल्या छापखान्यात.

१२८८ हे साल ऐकून मला दुसरं एक साल आठवलं. १२८४. त्या वर्षी कैरोत सुलतान कलावूननं आपला प्रसिद्ध बिमारिस्तान, म्हणजे दवाखाना, उभारायला घेतला. इतिहासकार सांगतात की सुलतान होण्याआधी तो सरदार असताना मोहिमेवर गेला होता आणि दमास्कसमध्ये पोटशूळानं आडवा पडला. तिथल्या नुरुद्दीन जंगीच्या बिमारिस्तानातून त्याच्यासाठी औषधं आणली गेली, तो बरा झाला. तेव्हाच त्यानं नवस केला की अल्लाहनं राज्य दिलं तर असाच दवाखाना बांधीन. म्हणजे तोही मुसाफिर आणि मरीजच होता. त्याच्या दवाखान्याला मोठी वक्फ लावलेली होती. दुकानं, हमामखाने, जमिनी यांचं उत्पन्न दवाखान्याला. गरीब असो की अमीर, पुरुष असो की बाई, सगळ्यांना जागा. चार वर्षांच्या अंतरानं भूमध्य समुद्राच्या दोन काठांवर दोन धर्मांची माणसं एकच काम करत होती.

‘बघा, सगळं आमच्याकडूनच घेतलं’ असं म्हणायला मी हे सांगत नाही. तसं म्हणण्याची आपल्या लोकांना फार हौस आहे आणि त्यानं एकही आजारी बरा होत नाही. मला वेगळं सांगायचं आहे. दोन्हीकडं सुरुवात धर्मातून झाली. देवाच्या नावानं कुणी पैसा दिला, कुणी हात दिले. पण इटलीत ही गोष्ट तिथंच थांबली नाही. १९४८ पासून अमलात आलेल्या त्यांच्या राज्यघटनेच्या ३२ व्या कलमानं आरोग्य हा प्रत्येक व्यक्तीचा मूलभूत हक्क म्हटला. ‘नागरिकाचा’ असा शब्द तिथं नाही, ‘व्यक्तीचा’ असा आहे. १९७८ च्या कायद्यानं सगळ्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा आली. सेवाभाव संपला नाही. त्या सत्तरीच्या बाई अजूनही रुग्णवाहिकेतून फिरतात. फरक इतकाच की सेनेगलच्या त्या पोराला कुणाच्या दयेवर अवलंबून राहावं लागलं नाही. त्याला खाली मान घालून बसावं लागलं नाही.

आपल्या दीनमध्ये तर हा शब्द आधीपासून आहे. कुराणात भल्या माणसांचं वर्णन करताना म्हटलंय की त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक्क’ असतो. एहसान म्हटलेलं नाही, खैरात म्हटलेलं नाही. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यातला शेवटचा ‘इब्नुस्सबील’, वाटेचा लेक, म्हणजे मुसाफिर. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना आपण विधवा बघतो, यतीम बघतो, मदरसा बघतो, कर्जबाजारी बघतो. मुसाफिराचं खानं मात्र बहुतेक वेळा रिकामं राहतं. हल्ली मुसाफिर कुठं सापडतो, असं आपण म्हणतो.

हाताला प्लास्टर घालून परतल्यावर दोन दिवसांनी भाच्यानं विचारलं, अजून कुठं जायचं? मी म्हणालो, आमच्या राजाकडं.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शाहू महाराजांच्या आधी, नात्यानं त्यांचे दत्तक आजोबा लागतील असे, राजाराम महाराज कोल्हापूरच्या गादीवर होते. १८७० साली ते इंग्लंडला गेले. प्रवासाची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत, ती पुढं १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय २०. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती देश, दहन करायची कुणाला सवय नाही. इटलीतलं पहिलं आधुनिक दहनगृह मिलानला निघालं ते सहा वर्षांनी, १८७६ मध्ये. तरीही शहरानं खास परवानगी दिली. हिंदू रिवाजाप्रमाणे दोन नद्यांचा संगम हवा होता. आर्नो आणि मुन्योने या नद्या जिथं मिळतात तिथं, शहराबाहेरच्या मोठ्या बागेच्या टोकाला, रात्री चिता पेटली. त्या बागेचं नाव ‘काशीने’. त्याचा आपल्या काशीशी काही संबंध नाही, पण कोल्हापूरच्या माणसाला ते नाव वाचून क्षणभर थांबायला होतं.

ट्राममधून उतरून बागेतून बरंच चालावं लागतं. टोकाला, झाडांच्या मध्ये, एक छत्री दिसते. अगदी आपल्याकडच्या छत्रीसारखी. खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४ चा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. हे मँट म्हणजे कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्यांनी योजला तेच. बावड्याहून शहरात जाताना ज्या न्यू पॅलेसवरून आम्ही रोज जातो, त्याच हाताची ही छत्री चार समुद्र ओलांडून नदीकाठी उभी आहे. पलीकडच्या मोठ्या पुलालाही लोक ‘इंदियानो’चा पूल म्हणतात. हिंदी माणसाचा पूल.

बायको बराच वेळ पुतळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘केवढं पोरगं होतं हो. आईला कधी कळलं असेल?’ ती राजाबद्दल बोलत नव्हती. घरापासून लांब आजारी पडून गेलेल्या एका वीस वर्षांच्या मुलाबद्दल बोलत होती. समोरचा भाचा सव्वीस वर्षांचा, तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळलं.

पण तिथंच उभं असताना मला तो दवाखान्यातला पोरगा आठवला. राजासाठी एका रात्रीत परवानगी मिळाली. तो पोरगा उद्या तिथं मेला तर? इटलीतल्या मोजक्याच गावांत मुसलमानांसाठी कब्रस्तानाची जागा आहे. एरवी मय्यत विमानानं मायदेशी न्यायची, त्यासाठी पैसे गोळा करायचे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात विमानं बंद झाली, तेव्हा मय्यत कुठं दफन करायची या चिंतेत कित्येक कुटुंबं अडकली होती. म्हणजे आजारी मुसाफिराला तिथं हक्कानं जागा आहे, मेलेल्या मुसाफिराला अजून नाही. जिवंतपणी कायदा त्याच्या पाठीशी आहे. मेल्यावर पुन्हा तो कुणाच्या तरी मेहरबानीवर येतो. राजाला जे मिळालं ते तो राजा होता म्हणून मिळालं. आणि हक्क कशाला म्हणायचं हे इथंच कळतं. जे राजा नसतानाही मिळतं, ते.

कोल्हापूरशी नातं असलेलं आणखी एक नाव या संदर्भात घ्यायला हवं. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थानानं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागावर नेमलं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं जाण्याआधी जाहीर सभेत सांगून त्या गेल्या होत्या. ज्या ख्रिस्ती बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं, त्यांनी तो शब्द पाळू दिला. आनंदीबाई आजार घेऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कामावर रुजू होणं झालंच नाही. त्यांच्या अस्थी त्या अमेरिकन बाईंकडं पाठवल्या गेल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. ज्यांची वाट कोल्हापूरच्या बायका बघत होत्या त्यांच्या अस्थी अमेरिकेत, आणि कोल्हापूरच्या राजाची छत्री इटलीत. परक्याला जागा देणं हे तेव्हा माणसांच्या चांगुलपणावर चाललं होतं.

आता आपल्याकडं बघू. मी परदेशाचं कौतुक करून थांबणार नाही, कारण आपल्याकडंही दाखवण्यासारखं आहे. २०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीत, आपल्या इचलकरंजीच्या मुस्लीम समाजानं ईदचा खर्च टाळून जकात आणि देणगीतून ३६ लाख रुपये उभे केले. त्यातून तिथल्या आयजीएम रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग झाला. त्याचं लोकार्पण ईदच्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी दूरदृश्य प्रणालीवरून केलं. त्या खाटेवर झोपणाऱ्याला तू कोण, असं कुणी विचारायचं नव्हतं. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात जे झालं, २०२४ च्या जुलैत गजापुरात जे झालं, तेव्हा मला त्या १० खाटा वारंवार आठवल्या. त्यांच्यावर कोण कोण झोपून गेलं असेल याची यादी कुणी ठेवली नाही, आणि ते बरंच झालं.

कायदाही आपल्याकडं नाही असं नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खासगीत पैसे भरावे लागले. त्याच्या संघटनेनं दाद मागितली, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी दवाखान्यानं वेळेवर तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. तो मजूरही वाटेवरचा आणि जखमी, मुसाफिर आणि मरीज. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. आमच्या बावड्यात लाइन बाजारात सेवा रुग्णालय आहे. मग अडतं कुठं?

दिवाळीच्या आगेमागे आमच्या शिवारात बीडकडच्या टोळ्या येतात. बावड्यात साखर कारखाना आहे, भोवती ऊस आहे. माळावर कोप्या पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फेडेपर्यंत परत जाता येत नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. पहाटे अंधारात ही माणसं फडात जातात. परत येताना बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते. बीड जिल्ह्यात हजारो ऊसतोड बायकांनी गर्भाशय काढून घेतल्याचं २०१९ मध्ये सरकारी पाहणीतून पुढं आलं. वारंवारच्या दुखण्याचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

इटलीहून आल्यावरच्या हंगामात आमच्या घरामागच्या फडात एक बाई तीन दिवस तापानं फणफणत ऊस तोडत होती. बायकोनं तिला सेवा रुग्णालयाचं नाव सांगितलं, मोफत आहे म्हणाली. बाई म्हणाली, ‘दवाखाना फुकट हाय, पर दिवस कुठं फुकट हाय?’

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. केसपेपर, गोळ्या, सुई, सगळं मोफत असूनही ती बाई दवाखान्यापासून तितकीच लांब होती. सेनेगलच्या पोराच्या दारातून पोलीस हटवावा लागला, तेव्हा तो आत गेला. आमच्या बाईच्या दारात खाडा उभा आहे. तो हटवल्याशिवाय ती आत जाणार नाही. ती आपल्याच राज्याची, आपलीच भाषा बोलणारी. पण आमच्या बावड्यात ती मुसाफिरच आहे. रेशनकार्ड गावाकडं, मतदान गावाकडं, आई गावाकडं. इथं ती सहा महिने राहते आणि तिचं नाव आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नसतं.

खाडा बंद करणं हे काम खरं तर कारखान्यांचं आणि सरकारचं. आजारपणाची भरपगारी सुट्टी हा मजुराचा हक्क व्हायला हवा, आणि तो मागण्यात आपणही आवाज मिसळला पाहिजे. पण कायदा येईपर्यंत मधल्या काळात माणूस आजारी पडायचा थांबत नाही. म्हणून येत्या रमजानसाठी आमच्या चार घरांनी एक ठरवलं आहे. रमजान सध्या उसाच्या हंगामातच येतो. जकात बिगरमुस्लिमाला देता येते की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, त्या वादात आम्ही पडलो नाही. सदका आणि लिल्लाहच्या रकमेला तशी अट नाही. त्या रकमेतून थोडी बाजूला काढायची, आणि शिवारातल्या कोप्यांवर कुणी आजारी असेल तर त्या दिवसाचा खाडा आपण भरायचा. सोबत एकानं दवाखान्यापर्यंत जायचं. आमच्यातल्या एका पोराकडं रिक्षा आहे, तो भाडं घेणार नाही म्हणाला.

रक्कम मोठी नाही. किती जणांना पुरेल याचा अंदाजही नाही. मुकादमांशी बोलणं व्हायचं आहे, आणि ते सोपं जाणार नाही. वहीत मात्र आम्ही त्या खात्याला नाव दिलंय ते ‘मुसाफिर’. इतकी वर्षं ते खानं रिकामं होतं. तुमच्या गावाच्या शिवारातही कोप्या असतील तर यंदा तुमच्या वहीतही एक पान त्या नावाचं काढून बघा.